आपाचा खजूर

चूक माझीच होती, आणि दुकानात खजुराचा वास आला की मला अजून माझाच राग येतो. नळदुर्गला आमच्या घरी थोरल्या बहिणीला, आपाला, टीबी निघाला. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या बाई शुगर तपासायचं मशीन घेऊन दारात आल्या. "टीबी निघाला की शुगरही बघावी लागते, दादा," त्या म्हणाल्या. मी उंबऱ्यातच आडवा उभा राहिलो. "तिची काडी झालीय. शुगर खाऊनपिऊन सुटलेल्यांना होते. अजून एक रोग चिकटवायला आलात का?" त्या मशीन पिशवीत घालून परत गेल्या. ताकद यावी म्हणून मी आपाला सकाळ-संध्याकाळ मूठभर खजूर आणि साखर घातलेलं दूध देत राहिलो. "लई तहान लागतीय रे," ती म्हणायची, की मी गुळाचं सरबत करून द्यायचो. टीबीच्या गोळ्या एक दिवस चुकल्या नाहीत, तरी दोन महिन्यांनी तिला उठवेना. दवाखान्यात शुगर भरमसाट निघाली. "आधी तपासायला कुणी आलं नव्हतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी ओरडलो, "कुणी न्हाय आलं." खाटेवरून आपानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. माझ्या त्या खोट्यामुळं, तपासायला का गेला नाहीत, याचा जाब केंद्रातल्या बाईंना द्यावा लागला. आपा आज चालती-फिरती आहे, पण तिची ती नजर मला आठ दिवससुद्धा सोसली नाही. नवव्या दिवशी मी केंद्रात गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, तुम्ही आला होता. मीच तुम्हाला हाकललं, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा."