मशेरीच्या डबीवर चित्र नसतं

आमच्या लालबागच्या शाळेत तंबाखूमुक्तीचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज मोठा. फाटकावरचा फलक, पालकांची सभा, पुड्यांवरची ती सडलेल्या तोंडांची चित्रं मोठी करून दाखवणं, सगळं मीच करायचे. आणि रोज शाळेत यायच्या आधी मोरीच्या दाराला कडी लावून मशेरी लावायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मशेरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. पण कोकणातून आलेल्या आमच्या घरांत तिला तंबाखू कोणी म्हणत नाही. ती दातांची. मी बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईने दिली, ती चाळीस वर्षं सुटलेली नाही. बाजारातून सुटी पानं आणायची, घरीच भाजायची; तिच्या डबीवर चित्र कोण छापणार? एक दिवस लावली नाही तर डोकं फुटायची वेळ येते, पोट साफ होत नाही, वर्गातल्या पोरांवर मी विनाकारण खेकसते. तीनदा सोडली, तीनदा पुन्हा धरली. गेल्या वर्षी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तो काय असू शकतो हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, तेच तर मी सभेत सांगत होते. तरी दवाखान्यात गेले नाही. भीती वाटते, खरं सांगते.

यंदाच्या सभेत चित्रं दाखवून झाली आणि मागच्या बाकावरची एक आई उभी राहिली.

"बाई, मशेरी पण ह्याच्यात धरायची काय?"

"नाही हो, ती वेगळी." विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग बरा झाला," ती हसून म्हणाली. "पोरीची दाढ दुखता, तिका कालपासून लावूक दिलंय."

तिची पोर चौथीत, माझ्याच वर्गात.

"थांबा," मी म्हटलं, "खोटं बोलले मी. ती तंबाखूच आहे. मी स्वतः लावते, मला सुटत नाही. पोरीला देऊ नका." मुख्याध्यापिका खाली बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेत होते तेव्हा ती मुलगी टेबलापाशी आली.

"बाई, आईने मशेरी फेकून दिली," ती म्हणाली. "तुम्ही पण फेकली?"

माझ्या तोंडात अजून सकाळची चव होती. "जागेवर बस," मी म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.