काढून टाकलेली ओळ

प्रिस्किला गावितला राग लवकर येतो, असं तिच्या घरचे सांगतात. ते खरं नाही. तिला राग उशिरा येतो, पण आला की जात नाही.

ती नवापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातली. आईवडील भात आणि तूर करत, उरलेल्या महिन्यांत गुजरातेत ऊसतोडीला जात. त्या काळात प्रिस्किला बेलपाड्याला सुसाना मावशीकडे राहायची. पुढे लोणखेड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्रात एमएस्सी केली, तिथंच पायथन ही संगणकाची भाषा शिकली, आणि सुरतेच्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला लागली. कंपनीचं काम भूजलाचं. जमिनीखालच्या पाण्याचं गणित संगणकावर मांडायचं आणि पुढच्या वर्षांत महिन्यागणिक काय होईल ते चित्रांत दाखवायचं. गणितातून दर महिन्याची एक फाइल निघायची. त्या सगळ्या फायली चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांची फिल्म करणं, हे प्रिस्किलाचं काम. हातानं एकेक चित्र काढत बसलं तर जन्म जाईल, म्हणून ती पायथनची स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट एकेक महिना उघडायची, रंग भरायची, चित्र साठवायची, पुढे जायची.

गेल्या वर्षी विसरवाडीच्या आतल्या बाजूला एका खडीच्या खाणीचा विस्तार करायचं ठरलं. खाण खोल गेली की तळाला पाणी येतं, ते पंपानं सतत उपसावं लागतं. मग शेजारच्या विहिरींचं काय होईल, हे कंपनीनं सांगायचं होतं. शेजारी म्हणजे बेलपाडा.

कंपनीच्या साहेबांनी तिला मुद्दाम बोलावून हे काम दिलं. "तुझाच भाग आहे. लोकांना तुझ्यावर विश्वास बसेल." तिला तेव्हा बरंच वाटलं.

या कामात एक खोच होती. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते प्रत्येक महिन्याचे रंग नव्यानं वाटतं. त्या महिन्यातली सर्वांत वरची पातळी निळी, सर्वांत खालची लाल. पुढच्या महिन्यात सगळंच खाली गेलं, तरी त्यातलं वरचं पुन्हा निळंच. म्हणून प्रिस्किलाच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. स्क्रिप्ट आधी सगळे महिने चाळून एकंदर सर्वांत वरची आणि खालची पातळी शोधायची, मग ही ओळ रंगांची पट्टी तिथं बांधून टाकायची. नंतरच चित्रं. तशी फिल्म चालवली तेव्हा बेलपाड्याचा निळा रंग हिरवा झाला, मग पिवळा. विहिरींच्या तळापेक्षाही पाणी खाली गेलं होतं. तिनं फिल्म साहेबांकडे पाठवली. बरोबर काम करणाऱ्या नवनीतनं, शहाद्याकडच्या पाटलांच्या मुलानं, "छान झाली" म्हटलं.

खाणीला संमती द्यायची का, हे ठरवायला बेलपाड्याच्या शाळेत ग्रामसभा भरली. सरपंच रमिलाबाई पुढे बसल्या होत्या. सुसाना मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली होती आणि शेजारणींना सांगत होती, की हे सगळं माझ्या भाचीनं केलंय. भिंतीवर पडदा लावला. पहिल्याच चित्रावर प्रिस्किलाचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत होतं.

फिल्म सुरू झाली. खाण लाल होत गेली. बेलपाडा निळाच राहिला. खाण जसजशी खोल गेली तसतसा तिच्या मानानं तो उलट जास्तच निळा झाला. बघणाऱ्याला वाटावं, पाणी वाढतंय.

प्रिस्किला शेवटच्या रांगेत उभी होती. तिनं नवनीतकडे पाहिलं. तो लॅपटॉपशी बसला होता, त्यानं मान वर केली नाही. ती त्याच्याजवळ गेली.

"ओळ कोणी काढली?"

"मन्हा काय दोष शे?" तो अहिराणीत पुटपुटला. "साहेबनी सांगं, मी करं."

साहेब बाजूलाच होते. ते हळू आवाजात म्हणाले, "यात खोटं काय आहे? पट्टीवरचे आकडे बदलतायत ना? कोपऱ्यात लिहिलेत. वाचणारा वाचेल."

कोपऱ्यात आकडे होते खरे. बारीक, इंग्रजीत, आणि चित्र सरकायच्या आत वाचून व्हायचे नाहीत. पुढं बसलेल्या निम्म्या बायका शाळेत गेलेल्या नव्हत्या, हे साहेबांना ठाऊक होतं. मला इथं आणलं ते माझ्या कामासाठी नाही, आडनावासाठी, हे प्रिस्किलाला त्या क्षणी कळलं. तिनं नवनीतच्या लॅपटॉपमधून प्रोजेक्टरची वायर उपसली.

"ही फिल्म माझी नाही," ती मावचीत, गावच्या बोलीत म्हणाली. आत्तापर्यंत सगळं मराठीत चाललं होतं. लोक एकदम सावरून बसले. "माझी दाखवते. थांबा."

साहेबांनी "हा कंपनीचा डेटा आहे" वगैरे सुरू केलं. रमिलाबाईंनी हातानंच त्यांना बसवलं. प्रिस्किलानं स्वतःच्या लॅपटॉपवरची फिल्म लावली. बेलपाडा हिरवा झाला, मग पिवळा.

"दोन्ही फिल्मांत पाणी सारखंच आहे," ती म्हणाली. "विहिरीत मोजायचा दोर सोडा, आणि दर महिन्याला दोरावरच्या गाठी खाली सरकवा. पाणी कितीही आटलं तरी गाठ तीच राहील. आधी तुम्हाला तसा दोर दाखवला."

रमिलाबाईंनी शांतपणे विचारलं, "गाठी सरकवल्या कोणी?"

प्रिस्किलानं साहेबांकडे बोट केलं. मग नवनीतकडे.

ग्रामसभेनं त्या दिवशी संमती दिली नाही. साहेब चहा न घेता गाडीत बसले. सुसाना मावशी घरी जाताना रडत होती. विहिरीसाठी नाही, भाचीचं नाव तसल्या चित्रावर सगळ्यांदेखत लागलं म्हणून. प्रिस्किलाला तेच सर्वांत जास्त लागलं.

नोकरी गेली हे सांगायला नको. वकिलाची नोटीसही आली. खाणवाल्यानं आता दुसरी कंपनी धरली आहे आणि नवा अर्ज केला आहे. म्हणजे काही संपलेलं नाही. प्रिस्किला लोणखेड्याला तासिकेवर शिकवते. पहिल्याच आठवड्यात ती मुलांना एकाच माहितीच्या दोन फिल्मा दाखवते आणि कोणती खोटी ते विचारते. मुलं म्हणतात, दोन्ही खऱ्या. मग ती चिडते, आणि तास संपेपर्यंत चिडलेलीच असते. बेलपाड्याच्या बायका विहिरींची पातळी तिला फोनवर कळवतात. नवी कंपनी काय दाखवते ते बघू, म्हणून ती ते आकडे भरून ठेवते.

परवा नवनीतचा फोन आला. त्यानं आता सुरतेची कंपनी सोडली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "आते तरी राग सोड."

"सगळ्यांसमोर बेलपाड्यात येऊन सांग, ओळ मी काढली म्हणून."

तो पुन्हा इकडचं तिकडचं बोलू लागला. तिनं फोन ठेवला.