हळदीकुंकवाची मोटार

वायरमन झाले तेव्हा मला नुसती शिंगं फुटायची बाकी होती. तालुक्याच्या आयटीआयत वायरमनच्या वर्गात आम्ही दोनच पोरी, आणि त्यात मी पहिल्या नंबरानं पास! दुष्काळाचं साल होतं. गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली होती आणि आमच्या म्हशींसोबत माझे वडील, आबाही तिथंच मुक्कामाला होते. त्यांनी छावणीभर पेढे वाटले.

सोसायटीच्या चेअरमनला छावणीच्या पाण्याच्या मोटारीवर माणूस पाहिजे होता. आबा म्हणाले, "भायेरचा माणूस कावून? आमची पोरगी हाय की!" चेअरमन हसले. म्हणाले, "बघू, येळ आली की."

वेळ लगेच आली. गेवराईकडून टँकर आला, खालचा हौद भरला. पण वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार नुसती घूं घूं करत बसली. टाकी रिकामी म्हणजे जनावरांचे पाणी प्यायचे हाळ कोरडे. सगळी छावणी हंबरायला लागली. आबा मला हाताला धरून घेऊन गेले. "सरका रे, सरका! वायरमनबाई आली!"

मी पाना घेतला आणि तशीच उभी राहिले. आधी कुठला नट सोडायचा? मोटारीची आकृती मी डोळे मिटून काढली असती, भागांची नावं तोंडपाठ. खरी मोटार मात्र जन्मात उघडली नव्हती. आयटीआयत एकच मोटार होती, टेबलावर मांडलेली. दर खंडेनवमीला आम्ही तिला हळदकुंकू वाहायचो, झेंडूचा हार घालायचो. उघडू का म्हटलं की सर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गं, बिघडंल." आणि आम्ही अतिशहाण्या, माना डोलवायचो!

"आबा, मला येत न्हाई," मी म्हणाले.

"काय शिकवत्यात बे तितं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. चेअरमननं मोटार जीपमध्ये घालून बीडला पाठवली. आबांनी धोतर खोचलं आणि दिवस मावळेपर्यंत हौदातून बादल्या उपसल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात. त्या वर्षी धरणीला हात हात भेगा होत्या, पण घेतेय कशाची!

दुसऱ्या दिवशी मी तणतणत आयटीआयत गेले. सर एकटेच होते. मी मोटारीवरचा वाळलेला हार काढून त्यांच्या हातात दिला आणि दिसेल तो नट सोडत सुटले. "अगं, अगं," सर म्हणाले, पण त्यांनी अडवलं नाही.

आत एक तारसुद्धा नव्हती. कोळ्यानं जाळं केलं होतं.

"मी आलो तवापासून अशीच हाय," सर खाली बघत म्हणाले. "दुसरी मागितली, आली न्हाई. मंग तुमाला काय दाखवू?" मी भांडायला गेले होते, पण हातात तो हार धरून उभा राहिलेला माणूस बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छावणीत परतले तेव्हा आबा हाळात पाणी ओतत होते. "काय म्हणले सर?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तितली मोटार आतनं रिकामी हाय, आबा. पयल्यापासून."

"मंग दोन वर्सं तुमी समदे तितं काय करीत हुता गं?"

"पूजा," मी म्हणाले.

आबांनी बादली खाली ठेवली.

"आन् मी पेढे वाटले," ते म्हणाले.