नळीवरची माशी

पोलीस प्रशिक्षण शाळेच्या चांदमारीच्या मैदानावर गोळी चालवायला शिकवणाऱ्या उस्तादांना सगळे 'भोंगा' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बारा पिस्तुलं एकदम कडाडत असताना, कानांवर जाडजूड झापडं चढवलेल्या पोराला "कोपर सरळ!" हे शेवटच्या खांबापासून स्वच्छ ऐकू जायचं, म्हणजे आवाज काय असेल बघा. घरीही तीच तऱ्हा. यांनी जेवताना मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी डबी घेऊन खाली येईल, अशी बायकोला धास्ती. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की ती आधीच जाऊन सांगून यायची, "आमच्याकडे भांडणं नसतात हं. हे बोलतातच तसे."

बावीस वर्षं उस्तादांनी पोलिसांच्या तुकड्यांमागून तुकड्या तयार केल्या. "समोरचा तुमच्यासाठी फोटोला उभा राहणार नाही!" हे त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य. उचला, बघा, मारा, हला. बस्स. म्हणूनच खेळातल्या नेमबाजांचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "गार खोलीत उभं राहून कागदाला भोकं पाडायची! कागद काय उलटी गोळी मारतो?"

आणि नेमकी त्यांच्याच तुकडीत एक पदकवाली आली. खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर भरती झालेली, छऱ्याच्या पिस्तुलाने पाच पदकं मारलेली, तेवीस वर्षांची, किडकिडीत आणि बोलायला इतकी हळू की हजेरीत तिचा "हजर" दोनदा हुकला.

पहिली चाचणी होती दहा गोळ्यांची. वीस सेकंदांत पाच गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा पाच. शिट्टी झाली. इतरांनी दोन्ही हातांत पिस्तुलं धरून धडाका लावला. ही बाई आडवी उभी राहिली, डावा हात पँटच्या खिशात घातला, उजवा सरळ केला आणि चक्क डोळे मिटले.

"काय गं, झोप लागली का?" उस्ताद कडाडले.

"एक मिनिट हं, उस्ताद."

रांगेत खसखस पिकली आणि त्या क्षणापासून तिचं नाव पडलं 'मिनिट'. वेळ संपली तेव्हा तिच्या चारच गोळ्या झाल्या होत्या. चारही बशीएवढ्या जागेत, एकीला एक खेटून. उस्तादांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "झकास. आता उरलेल्या सहा काय पोस्टाने पाठवणार?"

दुसऱ्या खेपेला पाच गोळ्या झाल्या. मग तिने रिकामं मॅगझिन काढलं, खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. बटण लावलं! उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. ती नापास. तुकडीत सगळ्यात नेमका हात तिचा आणि सगळ्यात कमी गुणही तिचेच.

हे सगळं चाललेलं असतानाच शाळेच्या प्रमुख बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाई वयाने त्यांच्याहून लहान, पण त्यांच्यासमोर उस्तादांचा आवाज आपोआप निम्म्यावर यायचा.

"मुख्यालयाने विचारलंय," बाई म्हणाल्या. "खेळातली नेमबाजी पोलिसांच्या प्रशिक्षणात उपयोगी पडते का? पडत असेल तर असे खेळाडू शिकवायलाच घ्यावेत, असा विचार आहे. महिनाअखेर तुमचा अभिप्राय हवा."

"आत्ताच देतो. नाही."

"दोन पानी हवाय."

"मग मोठ्या अक्षरात लिहितो."

बाई हसल्या नाहीत. "त्यांच्या रेंजवर कधी गेलायत तुम्ही?"

"नाही."

"मग हे 'नाही' कुठून आणलंत?"

उस्ताद बाहेर आले ते धुमसतच. पण माणूस मुळात सरळ. न बघता सही ठोकायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिनिटला गाठलं. "रविवारी मला तुमच्या त्या कागद फाडायच्या दुकानात घेऊन चल."

मिनिटचा क्लब एका फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात होता. वर सोफे, खाली छर्रे. आत शिरताच उस्तादांना पहिला धक्का बसला तो शांततेचा. पस्तीस माणसं आणि आवाज फक्त टक्, टक्, टक्, जणू सावकाश टायपिंग चाललंय. त्या दिवशी खुली स्पर्धा होती, कुणीही नाव द्यावं. उस्तादांनी छाती पुढे काढून नाव दिलं. एवढ्याशा छऱ्याच्या खेळण्याला, धक्का ना दणका, काय घाबरायचं? त्यांच्या शेजारच्या जागेवर एक सत्तरीच्या आजी उभ्या होत्या. निवृत्त दातांच्या डॉक्टर, पांढरेशुभ्र केस, पायांत गुबगुबीत बूट.

"सव्वा तास वेळ, साठ छर्रे," आजींनी सांगितलं. "घाई करू नका."

"आजी, मी बावीस वर्षं हेच शिकवतोय," उस्ताद म्हणाले. त्यांच्या मते हळूच. पलीकडच्या टोकाचे तिघे दचकले आणि एकाचा छर्रा वाया गेला. परीक्षकाने येऊन ओठांवर बोट ठेवलं.

उस्तादांनी साठ छर्रे चौदा मिनिटांत संपवले. मग एक तास खुर्चीवर बसून राहिले. बोलायचं नाही, उठायचं नाही, कुणाला काही शिकवायचं नाही. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब तास. निकाल लागला तेव्हा चौतीस जणांत त्यांचा नंबर तेहतिसावा होता. चौतिसावा माणूस ताप भरल्यामुळे अर्ध्यातून घरी गेला होता. दातांच्या आजी सहाव्या.

"पहिल्यांदा होतं असं," आजी म्हणाल्या, अगदी दाढ काढल्यावर पेशंटला म्हणावं तशा सुरात.

उस्तादांचा चेहरा पडला. मिनिटने त्यांना कोपऱ्यात, एका कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर नेलं. हातात रिकामं पिस्तूल दिलं. "उस्ताद, भिंतीवर काहीच नाहीये. नेम नाही, गुण नाहीत. नळीच्या टोकावर जो छोटा उंचवटा आहे, माशी म्हणतात ना तिला, फक्त तिच्याकडे बघा आणि चाप ओढा."

उस्तादांनी ओढला. चाप खटकन वाजला. पण वाजायच्या आधीच नळी खाली झुकली होती.

"हे काय झालं?"

"आवाज होणार, धक्का बसणार, हे हाताला माहीत आहे. तो आधीच तयारी करतो." मिनिट जरा अडखळली. "आणि उस्ताद, राग मानू नका, पण माशी दिसते ना नीट?"

"दिसते की."

"किती दिसतात?"

उस्तादांनी इकडेतिकडे बघितलं. तळघरात दुसरं कुणी ऐकत नव्हतं. "दोन," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात.

आता यातली गंमत अशी, की उस्तादांची बायको पंधरा वर्षं चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सगळ्या गावाचे नंबर तिला पाठ. फक्त घरातला माणूस तिला डोळ्यांच्या जवळ फिरकू देत नव्हता. नाकावर माशी बसू न देणारा हा गडी, नळीवरच्या एका माशीच्या दोन झाल्या तरी दोन वर्षं चूप बसला होता.

तिला पत्ता लागला तो निराळ्याच वाटेने. सरकारी पिस्तूल घरी आणता येत नाही, म्हणून उस्तादांनी सरावाला तिची काचा पुसायच्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली. तिलाही चाप असतोच. सकाळी दाढी झाली की बाथरूमच्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि हळूच, बाटली न हलवता, दाबायचं. फुस्स. पुन्हा फुस्स. आठ दिवसांत दोन बाटल्या संपल्या.

"अहो, एवढी भिंत पुसून काय करताय?" बायको दारात उभी.

"सराव."

"कसला?"

मग सगळंच सांगावं लागलं. बायको खूप हसली, इतकी की डोळे पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला दुकानात नेऊन खुर्चीत बसवलं आणि समोर अक्षरांची पाटी लावली. तिसऱ्या ओळीपासून उस्ताद अंदाजाने, पण पूर्ण आत्मविश्वासाने आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात वाचू लागले. तेरापैकी अकरा अक्षरं चुकली. चष्मा लागला. मैदानावर पहिल्या दिवशी पोरं बघत राहिली, पण हसायची हिंमत कुणाला झाली नाही.

इकडे उस्तादांनी मिनिटलाही मोकळं सोडलं नव्हतं. "तू मला भिंत शिकवलीस, आता मी तुला मैदान शिकवतो." रोज कवायतीनंतर अर्धा तास. पहिलं काम, रिकामं मॅगझिन खाली पाडायचं. जमिनीवर, धुळीत, बिनधास्त. मिनिटचा जीव वरखाली व्हायचा. पाच पदकं मिळवताना तिने हत्यार कधी टेबलावरही आपटू दिलं नव्हतं. उस्तादांनी पन्नास वेळा पाडायला लावलं. मग पळत येऊन पिंपामागे गुडघ्यावर बसायचं, धाप लागलेली असताना मारायचं. पहिल्या आठवड्यात तिच्या गोळ्या चारही दिशांना गेल्या.

"श्वास थांबतच नाहीये, उस्ताद."

"तो थांबायची वाट बघू नकोस. त्याच्यासकट मार."

सगळ्यात अवघड गेलं ते ओरडणं. "पोलीस! हातातलं खाली टाका!" हे ती अशा आवाजात म्हणायची, की जणू बाकावर थोडं सरकायला सांगतेय.

"अगं, तो खाली टाकायच्या ऐवजी जवळ येऊन 'काय म्हणालात?' विचारेल!"

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोठी परीक्षा झाली. मैदानावर लाकडी भिंतींचं खोटं घर उभं केलेलं. आत शिरायचं, आणि अचानक वळणाऱ्या पुठ्ठ्याच्या माणसांपैकी हत्यारवाल्यावरच गोळी चालवायची. स्वयंपाकघरात उभ्या केलेल्या बाईच्या हातात केस वाळवायचं यंत्र होतं. बारा जणांनी त्या बिचारीला गोळ्या घातल्या. त्यात तुकडीतला सगळ्यात चपळ पोरगाही होता.

मिनिट आत गेली. ओरडली, आणि या वेळी बऱ्यापैकी. पहिल्या खोलीत दोन गोळ्या, दोन्ही छातीत. स्वयंपाकघरात पुठ्ठ्याची बाई वळली. मिनिटचं पिस्तूल वर गेलं, थबकलं आणि पुन्हा खाली आलं. पुढच्या खोलीत खराखुरा बंदूकवाला पुठ्ठा वळला. तिथेही ती थबकली. तिने मारलं तेव्हा उस्तादांच्या हातातलं घड्याळ ठरलेल्या वेळेच्या पुढे निघून गेलं होतं.

"इथे तू मेलीस," उस्तादांनी बाहेर आल्यावर सांगितलं.

"हो, उस्ताद."

"पण ती स्वयंपाकघरातली बाई वाचली. उचललेला हात खाली कसा घेतलास? बारा जणांना जमलं नाही ते."

मिनिटला प्रश्नच कळला नाही. "आमच्यात नेम मनासारखा बसला नाही की हात खाली घ्यायचा. पुन्हा सुरू करायचं. एकेका छऱ्याला तीनतीनदा घेतो. त्याचे गुण कापत नाहीत."

पिस्तूल वर कसं न्यायचं हे त्यांनी हजारोंना शिकवलं होतं. खाली घ्यायचाही सराव करावा लागतो, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी तिला काठावरच्या गुणांनी पास केलं आणि घरी गेले.

अभिप्राय लिहायला तीन दिवस लागले. दोन पानांची पाच झाली. बायकोने चष्मा लावून तपासला आणि चार ठिकाणची उद्गारचिन्हं काढायला लावली. त्यात त्यांनी लिहिलं, की नुसता नेमबाज आणून पोलिसांपुढे उभा केला तर पोरं कागदावर पास होतील आणि गल्लीत मार खातील. पळणं, आडोसा, घाई आणि भीती, यातलं काहीच त्या गार खोलीत नसतं. पण चाप कसा दाबावा, आपलीच चूक आपल्याला कशी दिसावी आणि उचललेला हात कसा आवरावा, हे तिथल्याइतकं चांगलं आम्ही शिकवत नाही. सबब दोन्ही हवेत. आधी भिंत, मग मैदान. शेवटी त्यांनी स्वतःचा तेहतिसावा नंबरही लिहून टाकला.

बाईंनी पाचही पानं वाचली. "हा नंबर लिहायची गरज होती का?"

"पुरावा आहे तो," उस्ताद म्हणाले.

मुख्यालयाने काय केलं ते मुख्यालयालाच ठाऊक. पण शाळेत पुढच्या तुकडीपासून रोज वीस मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरायची पद्धत सुरू झाली, तीही संपूर्ण शांततेत. उस्ताद तोंड मिटून पाठीमागून फिरायचे आणि पोरांच्या पाचावर धारण बसायची. त्यांचा आरडाओरडा परवडला, असं सगळ्यांचं एकमत. त्या तुकडीत नापास कमी झाले. उस्ताद मात्र उगाच श्रेय घेत नसत. "पोरंच बरी आली असतील," म्हणायचे.

मिनिटची नेमणूक एका ठाण्यात झाली. गस्त, तक्रारी, हरवलेल्या सायकली. सुट्टीच्या दिवशी ती शाळेत यायची आणि नव्या पोरांना भिंतीचा धडा द्यायची.

दीड वर्षाने उस्ताद निवृत्त झाले. घरी बसून करायचं काय, म्हणून दर रविवारी तळघरात जाऊ लागले. एकदा बायको म्हणाली, "मीही येते. बघू तरी काय असतं." पंधरा वर्षं इवलेइवले स्क्रू बसवून तिचा हात दगडासारखा स्थिर झाला होता. तिसऱ्याच महिन्यात खुल्या स्पर्धेत तिचा नंबर सतरावा आला आणि उस्तादांचा पंचविसावा.

बाहेर पडताना तिने दोघांची पिस्तुलं असलेली पेटी त्यांच्या हातात दिली.

"ही मी का उचलायची?" उस्तादांनी विचारलं.

"माझा हात थरथरायला नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे."

उस्तादांनी पेटी उचलली आणि निमूट तिच्या मागून पायऱ्या चढू लागले.