अकरा वर्षांनी आलेलं उत्तर

डिलाईल रोडच्या चाळींत कुणाची शिलाई मशीन अडली, की लोक अंबिका पेडणेकरांना बोलवायचे. वडील गिरणीत फिटर. पाना कसा धरायचा, हे त्या वडिलांकडूनच शिकल्या. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि दुसऱ्यांचे जिने चढणं बंद झालं. घरात नुसतं बसून राहणारी ही बाई नव्हे, हे ओळखून सुनेने त्यांच्या फोनवर एक मराठी चर्चास्थळ लावून दिलं.

तिथे शिलाई मशीनचा वेगळा विभाग होता. लोकांनी विचारलेले कितीतरी प्रश्न वर्षानुवर्षं उत्तरावाचून पडून होते. अंबिकाताईंना ते बघवेना. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करून त्या रोज दुपारी दोन-तीन प्रश्न निकालात काढू लागल्या.

झालं काय, की नवं उत्तर पडलं की दहा-दहा वर्षांचे धागे, म्हणजे प्रश्न आणि त्याखालची चर्चा, पहिल्या पानावर यायचे आणि आजचे प्रश्न खाली ढकलले जायचे. चर्चास्थळ सांभाळणाऱ्या निमेशने दोनदा नम्रपणे लिहून पाहिलं. ताईंनी दोन्ही वेळा त्याचे आभार मानले आणि काम चालू ठेवलं. शेवटी त्याने जाहीर केलं, वर्षभर शांत असलेल्या सगळ्या धाग्यांना एक तारखेपासून कुलूप, तिथे कुणालाच काही लिहिता येणार नाही.

त्याच आठवड्यात दादरला सभासदांचा कट्टा होता. ताई टॅक्सी करून गेल्या. निमेश शीवचा, तिशीतला, समजूतदार मुलगा. जुन्या धाग्यांत जाहिरातवाले घुसतात, जुने सल्ले आज चालत नाहीत, आणि विचारणारा तर केव्हाच निघून गेलेला असतो, असं त्याने सगळ्यांना समजावलं.

ताई म्हणाल्या, "माणूस गेला असेल रे. मशीन कुठे जातेय? ती तिथेच बसलीय बिघडून."

लोक हसले. तेवढ्यात मागून घोडपदेवची नूपुर उठली. अकरा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, आईची मशीन टाके सोडते म्हणून तिने फोटो टाकून विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही आणि मशीनवर टीव्ही बसला. गेल्या महिन्यात अचानक ताईंचं उत्तर आलं. फोटोत सुई उलटी बसवलेली दिसत होती. ती फिरवली, बस.

"हा कुर्ता आईने त्याच मशीनवर शिवलाय," नूपुर म्हणाली.

ताईंनी फोन काढून निमेशला आपलंच एक उत्तर दाखवलं. लालबागच्या ज्या दुकानात त्यांनी लोकांना सुटे भाग आणायला पाठवलं होतं, ते दीड वर्षापूर्वीच बंद झालं होतं.

"हा धागा आधी बंद कर," त्या म्हणाल्या. "माझ्या भरवशावर लोक फुकट फेऱ्या मारतायत. तुझं सगळंच काही चुकत नाही."

चहा संपेस्तोवर दोघांचं जमलं. उत्तर मिळालेले धागे वर्षाने बंद करायचे, बिनउत्तराचे उघडे ठेवायचे. जुन्याला उत्तर दिलं, तर ते पहिल्या पानावर न येता फक्त विचारणाऱ्याला कळेल.

ताईंचे अजून शंभरेक प्रश्न बाकी आहेत. परवा एकाने कळवलं, मशीन केव्हाच भंगारात गेली, पण बिघाड काय होता ते कळलं, बरं वाटलं. ताई सुनेला वाचून दाखवत खूप हसल्या, आणि त्यांनी पुढचा प्रश्न उघडला.