मिनिटाला साडेसदतीस फेरे

आमच्या घरात गोल फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूवर बोलायचा अधिकार माझा. नोकरीच तशी आहे. लोकांची माहिती ज्या डिस्कवर साठवतात, त्या डिस्क सांभाळणाऱ्या कंपनीत मी बरीच वर्षं आहे, आणि हे ज्ञान मी ऑफिसात कमी आणि जेवणाच्या टेबलावर जास्त वापरतो. थालीपीठ पानात पडलं की मी सुरू. "बघा, हे एकदा गोल फिरलं की कडेचा तीळ केवढं अंतर कापतो! आणि मधल्या भोकापाशी असलेला? इतकुसं." मग रेकॉर्ड कशी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगानं फिरते, म्हणून कडेच्या खाचांमध्ये आवाज ऐसपैस बसतो आणि मध्याकडे दाटीवाटी होते, सीडी मात्र आतून सुरू होऊन बाहेर जाता जाता वेग कसा कमी करत नेते, हे सगळं येतं. बायको म्हणते, "गार झालं." मुलगी तोवर माझ्या पानातलं लोणी संपवून उठलेली असते.

तेव्हा आत्याची रेकॉर्ड माझ्याकडे येणार हे उघडच होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कसबा पेठेत एकटी राहते. लग्नाआधी ती गायची, आणि एका छोट्या कंपनीनं तिच्या भावगीताची मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची लहान रेकॉर्ड काढली होती. पुढे लग्न झालं, सासरी गाणं चालणार नव्हतं, ते थांबलं. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. टीव्हीवर एखादी मुलगी छान गायला लागली की ती फक्त उठून स्वयंपाकघरात जायची आणि उगाच भांडी लावायची. आता तिचा गळा पार गेला आहे. रेकॉर्ड होती, ती वाजवायला घरात काही नव्हतं.

गेल्या वर्षी तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आणि मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कार्यालयात आत्याचं गाणं लावायचं. माझ्यावर सोडा."

माझा मेहुणा अमेरिकेत असतो. त्यानं तळघर आवरताना निघालेला जुना रेकॉर्ड प्लेअर आमच्याकडे आणून टाकला होता. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, म्हणून मी व्होल्ट उतरवणारा विटेएवढा ट्रान्स्फॉर्मर मध्ये जोडला, प्लेअरची कळ पंचेचाळीसवर ठेवली, आणि गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. आवाज जरा घोगरा वाटला. तबला ओलसर, चाल रेंगाळणारी. जुनं रेकॉर्डिंग म्हटल्यावर असं असणारच, असं मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलंही नव्हतं.

कार्यक्रमाच्या आधी आत्याला ऐकवायला गेलो. ती अगदी पुढे सरकून बसली होती. पहिली ओळ संपली तशी हळूहळू मागे टेकली.

"ही मी नाही रे."

"आत्या, लेबलवर तुझंच नाव आहे."

"अरे, मी काळी चारमध्ये गायचे. हे तर पांढरी चारच्याही खाली वाटतंय."

पेटीच्या पट्ट्या ती अशा सांगते, जसा मी घरचा पत्ता सांगतो. मला सा कुठे आणि प कुठे हे आजही कळत नाही. तरीही मी तिला समजावलं. हे वाचणाऱ्यांनी जरा दुसरीकडे बघितलं तर बरं होईल. मी म्हणालो, "आत्या, यंत्र खोटं बोलत नाही. मिनिटाला पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. माणसाची आठवण मात्र वयाबरोबर थोडी वर सरकते. स्वतःचा आवाज आपल्याला नेहमी गोडच आठवतो."

वर थालीपीठही सांगितलं.

ती म्हणाली, "असेल बाबा. तुझा अभ्यास आहे. म्हणजे मी इतकी वर्षं उगाचच... बरंच झालं म्हणायचं, गाणं सुटलं ते." आणि दाराशी सोडायला आली तेव्हा म्हणाली, "कार्यक्रमात नको लावूस हं."

मला वाटलं, आत्याला संकोच वाटतोय. खरं सांगायचं तर, तिच्या मनातली एक जुनी सल आपण शास्त्रानं काढून टाकली, असंही मला वाटलं होतं.

कार्यालयात शहनाईची ध्वनिफीत लावली. दिवे ओवाळून झाले, पंगत बसली. आत्याबरोबर एकाच बाईंकडे गाणं शिकलेली तिची मैत्रीण काठी टेकत आली आणि म्हणाली, "अगं, तुझं गाणं लावणार होते ना? मी त्यासाठी एवढ्या लांबून रिक्षा करून आले."

"ऐकलं मी ते," आत्या म्हणाली. "बरं नव्हतं."

"काहीतरीच काय!"

"खरंच गं. आपल्याला वाटायचं तेवढं नव्हतं ते."

मी शेजारीच उभा होतो. हातात जिलबी होती. मी ती खाल्ली.

पुढच्याच रविवारी मी हौसेनं दुसरी एक तशीच लहान रेकॉर्ड लावली होती, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे जरा सुस्त फिरत नाहीये का?" मी हसलो. तिला पटवायचं म्हणून रेकॉर्डच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि मोठ्यानं मोजायला बसलो. सदतीस झाले आणि मिनिट संपलं. परत मोजलं. सदतीस आणि वर अर्धा. मग प्लेअर उलटा केला. खाली पत्र्यावर व्होल्टच्या शेजारीच छापलं होतं: साठ हर्ट्झ.

ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवतो, विजेचे हेलकावे बदलत नाही. तिकडे वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपल्याकडे पन्नास. आणि या जातीची मोटर त्या हेलकाव्यांना धरूनच फिरते. म्हणजे सहा फेऱ्यांच्या जागी पाच. फेरे कमी, की गाणं लांबतं आणि आवाजही तेवढाच खाली उतरतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतं हे.

"म्हणजे आत्यांचं बरोबर होतं," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटरवर वेग पाचाच्या जागी सहा केला आणि एक कोवळी मुलगी गायला लागली. तबला खणखणीत झाला. माझ्यासारख्या दगडालाही कळलं.

गाणं लॅपटॉपवर घेऊन कसब्यात गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. आत्यानं पेटीवरचं कापड काढलं, एक काळी पट्टी दाबून धरली आणि म्हणाली, "लाव." आवाज आणि पेटी एकमेकांत मिसळून गेले. कुठला कुठला, सांगता येईना. गाणं संपलं तरी तिचं बोट पट्टीवरच होतं, भात्यात हवा उरली नव्हती.

"मी समजूत घातली होती रे मनाची," ती म्हणाली. "पहिल्यांदाच पटली होती. आता परत हे."

मी चुकलो म्हणालो. तिनं पेटीवर परत कापड टाकलं.

"सगळे येऊन जेवून गेले. आता हे ऐकवू कुणाला?"

"मी आहे ना, आत्या."

"तू?" तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला ते पण चाललं होतं."

मग तिनं मैत्रिणीला फोन लावला आणि तो माझ्याच हातात दिला. "सांग तिला, बरं का नव्हतं ते."

मी हेलकाव्यांपासून सुरुवात करून आवाज खाली कसा उतरला इथवर आलो. पलीकडून ऐकू आलं, "ते राहू दे. बाईचा आवाज आहे की बाप्याचा, एवढंही कळलं नाही होय तुला?"

"नाही कळलं," मी म्हणालो.

"बरं, आता लाव. आणि तू बोलू नकोस मध्ये."

आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी लॅपटॉपच्या स्पीकरपाशी धरला. मी धरायला पुढे झालो, तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. दुसऱ्या कडव्याला पलीकडून मैत्रीण म्हातारा, फाटका सूर लावून गायला लागली, आणि आत्या फोनवर ओरडली, "अगं, तू थांब! मला माझा आवाज ऐकू दे!"