पाव इंची बोल्ट आणि ग्रहण

मी वाळूजच्या एका कारखान्यात बोल्ट तपासतो. घरी आणलेला बोल्ट मात्र मी तपासला नाही.

आमची ही, वैशाली, शाळेत विज्ञान शिकवते. तिनं हौसेनं सूर्य बघायची दुर्बीण घेतली आणि वर्गातल्या पोरांना शब्द दिला : ग्रहण आमच्या पुंडलिकनगरच्या गच्चीवरून दाखवीन. दुर्बीण आली, स्टँड आला. दोघांना जोडणारा बोल्ट आला नाही.

"अहो, जमेल ना तुम्हाला?"

"बोल्टच आहे तो," मी म्हणालो. (मी मुळात कमी बोलतो. त्या दिवशी अजून कमी बोललो असतो तर बरं झालं असतं!)

औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं विचारलं, "साब, नमुना लाए क्या?"

"लगता नहीं. मैं देखके पहचानता. छे एमएम का दो."

ग्रहणाच्या सकाळी बोल्ट लावला. दोन आटे छान फिरला आणि अडला. अशा वेळी काय करायचं ते मी कारखान्यात नव्या पोरांना रोज शिकवतो : थांबायचं, काढायचं, मोजायचं. मी पाना घेतला आणि जोर लावला! कर्रर्र झालं, बोल्टचे आटे घासले गेले आणि दुर्बिणीनं मान टाकली.

खालून पोरांचा गलका ऐकू यायला लागला. मी घासलेला बोल्ट खिशात टाकून पुन्हा औरंगपुऱ्यात.

"साब, छेद इंच के माप का होएंगा. ये एमएम का है."

"मालूम है."

"कबसे मालूम?"

मी पैसे पुढं केले. पाव इंची बोल्ट घेऊन गच्चीवर पोचलो, तेव्हा ग्रहण लागलं होतं आणि पान्यांच्या पेटीवर माझी आई बसली होती.

"आई, ऊठ. पाना दे."

"ग्रहणात लोखंडाला हात लावायचा नाय."

"दोन मिनिटांचं काम आहे!"

"मग सुटल्यावर दोन मिनिटांत कर. तवर हातानं धर. हातानं धरायला काय झालं?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यावर बसलो, खाली मान घालून दुर्बीण दोन्ही हातांनी धरली. योग्य बोल्ट माझ्या खिशात होता. पोरांची रांग सरकू लागली.

"मॅडम, सूर्य हलतोय!"

"सूर्य नाही रे, सर हलतायत. अहो, जरा श्वास धरा ना!"

मी धरला.

"आता लई भारी दिसतोय! कोर खाल्लीय!"

तेवढ्यात कुणीतरी रांग मोडून पुढं आलं. आवाजावरून कळलं, आई!

"आई, तुम्ही ग्रहण बघताय?" वैशाली.

"छ्या! ह्यो नीट धरतोय का, ते बघते."

एकाही पोराचं ग्रहण चुकलं नाही. ग्रहण सुटलं, आईनं पेटी दिली, बोल्ट खरंच दोन मिनिटांत बसला. दुर्बीण खांबासारखी ताठ उभी राहिली. सूर्य नेहमीसारखा गोल होता.

"तुम्हाला काहीच नाही दिसलं का हो?" वैशालीनं विचारलं. आवाजात दया होती, म्हणून खरं सांगून टाकलं.

मला ग्रहणभर फक्त पोरांचे पाय दिसले. त्यातल्या एकाच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या मापांच्या चपला होत्या. ते मात्र मी बघताक्षणी ओळखलं!